गिरणीवाल्या आक्कांचा कान

आक्कांना हळू बोलता यायचं नाही. चाळीस वर्षं गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून त्यांच्या गळ्याची तेवढी एकच पट्टी शिल्लक राहिली होती. गिरणी बंद असो, समोरचं माणूस हातभर अंतरावर बसलेलं असो, नाहीतर कुणाच्या मयताला गेलेल्या असोत, पट्टी तीच. नसरापुरात लोक म्हणायचे, आक्कांनी कानात सांगितलेलं गुपित तुमच्या घरी पोचायच्या आधी कापूरहोळच्या फाट्यावर पोचतं.

त्यांच्या गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही सहा वर्षं राहिलो. मी वेल्ह्याला एका सरकारी ऑफिसात क्लार्क, रोज सकाळी एसटीनं जायची. नवरा शिरवळकडच्या कंपनीत, पाळ्यांची नोकरी. दोघांनाही मधलं गाव म्हणून नसरापूर. खोल्या बघायला गेलो तेव्हा आक्कांनी आमचं नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. पापण्यांवर पिठाचा थर, डोक्याला गुंडाळलेला पांढरा झालेला रुमाल. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "काय दळता?"

"गहू," मी म्हणाले.

"जाड का बारीक?"

"बारीक."

झालं. त्या दिवसापासून मी 'बारीक गहू'. आक्का कुणालाच नावानं हाक मारत नसत. गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या दळणाचं नाव. समोरचे हॉटेलवाले 'बेसन', शाळेचे गुरुजी 'जाडी बाजरी', आणि एक नेहमी हसतमुख म्हातारी होती ती 'थालीपीठ'. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाव आईबाप ठेवत्यात, त्यात मानसाचं काय कर्तब? दळण मातर त्यो सोता निवडतो." मग माझ्याकडे बघून, "बारीक दळणारी मानसं मनात लई धरून बसत्यात." मला राग आला आणि तो मी चांगला महिनाभर मनात धरून बसले.

रोज सकाळी मोटर सुरू करण्याआधी आक्का बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढं हात जोडून वंदना म्हणत. तीही त्याच पट्टीत. आमच्या लेकाला, सार्थकला, आरतीच्या आधी वंदना पाठ झाली. माझ्या सासूबाई वेल्ह्याकडच्या गावाहून पहिल्यांदा राहायला आल्या, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात विचारलं, "दळण हिच्याकडंच देतीस व्हय?" मला कळलं त्या काय विचारतायत. न कळल्यासारखं करून मी कणीक मळत राहिले. दुसऱ्या दिवशी सासूबाई अंगणात बसल्या होत्या, तर गिरणीतून आवाज आला, "म्हातारे! पिठाला जातं लागतं, जात लागत न्हाई. आन ती तुझी नाचणी हिकडं!"

सासूबाईंचा चेहरा पडला. पण त्या उठल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. पुढं पुढं तर गावाहून येताना स्वतःहून नाचणी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, आमच्याकडच्या गिरणीला असं पीठ पडतच नाही.

भिंतीपलीकडून कुजबूज ऐकणारा हा कान आक्कांनी कमावलेला होता. नवरा वारल्यावर दीर म्हणाले होते, बाईला गिरणी झेपायची नाही, मोटर काय, पट्टा काय, जात्याच्या दगडाला टाकी लावणं काय, हे पुरुषाचं काम आहे. दुरुस्तीवाला यायचा आणि चांगला पट्टा खराब आहे म्हणून बदलून जायचा. आक्का सांगायच्या, "मंग म्या ठरिवलं, यंत्राचं बोलणं शिकायचं." वर्षभर त्या गिरणीशेजारी नुसत्या ऐकत बसल्या. त्यानंतर त्यांना कुणी फसवलं नाही. दगडाला टाकीही त्या स्वतःच लावायच्या, छिन्नी-हातोडा घेऊन.

गिरणी चालू असताना त्या यंत्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसत. एकदा माझ्याशी बोलता बोलता ताडकन उठल्या आणि बटण बंद केलं. जिचे गहू चालले होते ती बाई हसली. म्हणाली, "आक्का, काय झालं? चाललंय की नीट." आक्कांनी गिरणीवरच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि चिमटीत धरून गंजका खिळा बाहेर काढला. गव्हाच्या पोत्यातून आलेला. बाईच्या हातावर ठेवला आणि परत रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

दुसरी त्यांची ख्याती संडासची. गिरणीच्या मागे पत्र्याच्या दाराचा एक स्वच्छ संडास होता. स्वतःच्या स्वयंपाकघराला ओटा नव्हता तेव्हा आक्कांनी तो बांधला होता. खेड्यापाड्यातून डोक्यावर डबे घेऊन बायका एसटीनं यायच्या, दोन दोन तास रांगेत बसायच्या, आणि त्यांना जायला जागा नसायची. आक्का माहेरच्या भोंगवलीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा उजाडायच्या आधी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, एवढीच मुभा. त्यातून ताप भरला, दवाखान्यात पडून राहावं लागलं. "आडवून धरलेलं पानी आन आडवून धरलेलं बोलणं, दोन्ही आत कुजतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संडासची किल्ली जुन्या पट्ट्याच्या हातभर तुकड्याला बांधून त्यांच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेली असायची. मागेल त्या बाईला, मुलाला ती मिळायची. फक्त परत देताना आक्का सगळ्या रांगेदेखत विचारायच्या, "नीट झाली का?"

नवी बाई लाजून अर्धी व्हायची. जुन्या बायका निर्लज्जपणे "व्हय" म्हणून डबा पुढं सरकवायच्या. आमच्या खोल्यांनाही तोच संडास, पण मी सहा वर्षांत कधी उत्तर दिलं नाही. किल्ली खिळ्याला अडकवायची आणि मान खाली घालून घरात शिरायचं. ऑफिसात जाणारी बाई मी, असल्या चौकशांना काय उत्तर द्यायचं?

आमच्या घरातून उत्तर द्यायचा तो सार्थक. तेव्हा पाच वर्षांचा होता. हात मागे बांधून चालायचा म्हणून आक्का त्याला 'साहेब' म्हणत. दळण दळत नाही तो, म्हणून त्याला धान्याचं नाव नव्हतं. किल्ली परत करताना तो त्यांच्यासमोर उभा राहून सविस्तर माहिती द्यायचा. "आक्काआजी, आज नीट झाली." किंवा, "आज दोनदा थांबली."

हे 'दोनदा थांबली' माझ्याही कानावर येत होतं. मी ते कधी ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात सार्थकची चड्डी ओली व्हायला लागली. आधी घरी, मग शाळेत. बाईंनी वहीत लिहून पाठवलं. मग लघवीला जळजळ. डॉक्टरांनी तपासणी करून जंतुसंसर्ग सांगितला आणि औषध दिलं. बरं वाटलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा औषध. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, या वयात बहुतेक वेळा तेच असतं. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. मी मात्र मनाशी पक्कं करून टाकलं होतं की मोबाईलवर कार्टून बघायच्या नादात हा लघवी दाबून धरतो.

एकदा मी ऑफिसला निघाले होते, एसटीची वेळ झाली होती, आणि त्यानं नुकतीच घातलेली चड्डी ओली केली. मी त्याच्या मांडीवर फटका मारला. तो रडला नाही. खाली बघत म्हणाला, "आई, ती येते आणि मग आतलं दार लागतं."

मला वाटलं, पोरगं गोष्टी रचतंय. चड्डी बदलली, एसटी पकडली.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद असते. अशाच एका गुरुवारी मी रजेवर होते. गिरणी बंद, पण वीज येईल म्हणून सात-आठ बायका डबे घेऊन बसलेल्या, गप्पा चाललेल्या. सार्थक किल्ली घेऊन गेला. थोड्या वेळानं आक्कांनी एकदम हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या. मला वाटलं वीज आली की काय.

पत्र्याच्या दारामागून आवाज येत होता. धार सुरू झाली आणि कुणी कात्रीनं कापावी तशी थांबली. मग काहीच नाही. मग पाय सरकवल्याचा आवाज, एक कण्हणं. चार थेंब. पुन्हा धार, पुन्हा तुटली.

सार्थक बाहेर आला. कपाळावर घाम होता. आक्कांनी त्याला काही विचारलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"ए बारीक गहू! पोराची लघवी तुटतीय!"

एक बाई फिसकन हसली. माझ्या कानशिलांत जाळ झाला. मी सार्थकचा हात धरला आणि म्हणाले, "आक्का, लहान मुलाचं असं चव्हाट्यावर काय बोलता?"

"चव्हाट्यावर न्हाई तर काय घरात कोंडून ठिवू? जंतूबिंतू न्हाई हे. त्याच्या वाटंत तोंडाशी कायतरी हाय. हालतंय त्ये. तिरकं झालं की वाट देतंय, सरळ झालं की बूच बसतंय. मोठ्या डाक्टरला दाव त्याला."

"तुम्ही पीठ दळा आक्का," मी म्हणाले. "डॉक्टर नका होऊ."

आक्का स्टुलावर वळून रस्त्याकडे तोंड करून बसल्या. बायका आपापल्या डब्यांकडे बघत राहिल्या.

त्यानंतर मी दळण स्टँडजवळच्या गिरणीत न्यायला लागले. भोरमध्ये खोल्या बघायला एका मैत्रिणीला सांगितलं. आक्कांशी बोलणं बंद. त्यांनी मला कशाचाही जाब विचारला नाही. सार्थक किल्ली मागायला गेला की मात्र त्याला जवळ घेऊन विचारायच्या, आणि तो सांगायचा. मी खिडकी लावून घ्यायची.

पंधरा दिवस असे गेले. मग एका रविवारी सार्थक सकाळी उठला आणि त्याला लघवी होईना. आठ वाजले, नऊ वाजले. मी नळ सोडून ठेवला, पोटावर कोमट पाण्याची पिशवी ठेवली, रागावले, लाडीगोडी लावली. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, त्याचा मोबाईल लॉकरमध्ये. अकराच्या सुमारास सार्थक जमिनीवर पाय झाडायला लागला. बेंबीखालचं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. मी त्याला उचलून अंगणात आले. कुणाला हाक मारावी ते सुचेना. गिरणी चालू होती, कुणाची तरी बाजरी अर्धी झाली होती.

अर्धं दळण सोडून आक्का कधी उठत नसत. तो त्यांचा नेम होता, कुणी मेलं तरी आधी दळण पुरं. त्यांनी मला दारात पाहिलं आणि बटण बंद केलं.

आवाज असा मध्येच थांबल्यावर शेजारची दोन-तीन माणसं बाहेर येऊन बघायला लागली. आक्का "बघ, म्या सांगितलं हुतं" असं म्हणाल्या नाहीत. पिठाच्या हातांनी सार्थकच्या पोटाला हात लावला आणि रस्त्यावरच्या टेम्पोवाल्याला ओरडल्या, "उतरव ती पोती! भोरला जायचंय!"

"आक्का, माल हाय—"

"पोतं वाट बघतंय. पोरगं न्हाई बघत."

टेम्पोत पुढच्या सीटवर सार्थकला आक्कांनी मांडीवर घेतलं. कापूरहोळला वळलो तेव्हा त्यानं विचारलं, "आक्काआजी, पोट फुटंल का?"

"न्हाई फुटत. फुगा हाय व्हय त्यो? पखाल हाय ती, कातड्याची. लई मावतंय तिच्यात."

"पण दुखतंय."

"दुखतंय तर वरड. आई बी वरडंल, म्या बी वरडते." आणि त्या खरंच ओरडल्या. टेम्पोवाला दचकला. सार्थक रडता रडता हसला आणि मग मोठ्यानं रडला. मीही रडले. भोरपर्यंत आम्ही तिघं तसेच गेलो.

भोरच्या दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी नळी घालून लघवी मोकळी केली. सार्थकचा चेहरा सैल झाला आणि तो तिथंच झोपला. मग तिनं कागद पुढं ओढून मला विचारायला सुरुवात केली. मी म्हणाले, दोनदा इन्फेक्शन झालं होतं. ती लिहीत होती. आक्का मध्येच म्हणाल्या, "बाई, आमच्या गिरणीवर धान्य वतायचा डबा असतोय. त्याच्या तोंडाशी कवा कवा कागदाचा बोळा अडकतोय. दानं पडत्यात, पडत्यात, आन बोळा सरकून तोंडावर बसला की बंद. डबा हालिवला की परत पडत्यात. ह्या पोराचं तसं हाय. म्या कानानं ऐकलंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आक्कांच्या ओरडण्यानं सार्थक जागा झाला होता. बाईंनी त्यालाच विचारलं, "बाळा, थांबल्यावर परत कशी सुरू होते?"

"एका पायावर उभं राहून वाकलं की होते," सार्थक म्हणाला. "पण मग परत थांबते."

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"खडा असू शकतो, जन्मतः एखादा पडदा असू शकतो, आणखीही काही असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुण्याला मुलांच्या मूत्ररोगाचे सर्जन आहेत, चिठ्ठी देते. आणि तिथं या आजींनी जे सांगितलं ना, तेच सांगा. शब्द बदलू नका."

पुण्यात सोनोग्राफी झाली. मग लघवीच्या पिशवीत औषध भरून, लघवी करतानाचे एक्स-रे काढले. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवी, तिचा गळा, आणि गळ्याशी देठावर लोंबणारा करंगळीच्या पेराएवढा मऊ कोंब. लघवी निघाली की तिच्याबरोबर हा वाटेत येऊन बसतो. "ही एक छोटी गाठ आहे," ते म्हणाले, आणि त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही.

नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे कॅन्सर?"

"बहुतेक नाही. मुलांमध्ये ही फार क्वचित दिसते, आणि दिसते तेव्हा बहुतेक वेळा साधीच असते. पण तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत 'बहुतेक' हा शब्द मी सोडणार नाही."

ऑपरेशन दुर्बिणीनं, लघवीच्या वाटेतूनच करायचं होतं, कुठं चिरायचं नव्हतं. आक्का सोबत आल्या. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. गिरणीच्या दारावर कुणाकडून तरी खडूनं लिहून घेतलं होतं, 'साहेबांचं ऑपरेशन आहे. दळण सोमवारी.' दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी एकदा घसा खाकरला तर नर्स धावत आली. दुसऱ्यांदा बोलल्या तर सगळ्या मजल्यावरची माणसं बघायला लागली. शेवटी त्यांनी पदराचा बोळा करून दातात धरला आणि सार्थक आत असेपर्यंत तशाच बसून राहिल्या. तासाभरानं सर्जन बाहेर आले, "देठासकट निघालंय" म्हणाले, तेव्हा आक्कांनी पदर तोंडातून काढला, काहीतरी बोलायला गेल्या, नर्सकडे बघितलं आणि पुन्हा पदर तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. आता लघवी करून दाखवायची आणि घरी जायचं. सार्थक तयार होईना. "आई, दार लागंल," एवढंच म्हणत भिंतीकडे तोंड करून बसला. दोन तास गेले. मी थकले, नवरा थकला. आक्का त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"साहेब, तुमी आत, म्या भाईर. तुमी सोडा, म्या ऐकते. मधीच तुटली तर म्या त्यो डाक्टर धरून आत आनते."

तो उतरला, हात मागे बांधून चालत गेला. आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आईही येऊन उभी राहिली. आधी काहीच नाही. मग एक बारीक "आई गं". मग धार सुरू झाली आणि चालू राहिली. ती कुठंही तुटली नाही. हळूहळू कमी होत, जशी संपायला हवी तशी संपली.

"नीट झाली का?" आक्कांनी विचारलं, आणि ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.

"व्हय!" आतून उत्तर आलं. सगळा वॉर्ड हसला. नर्ससुद्धा.

परत येताना गाडीत मी धीर करून म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले—"

"कंच्या दिवशी?"

"गुरुवारी. वीज नव्हती तेव्हा."

"मला कमी ऐकू येतंय गं," आक्का म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. नवरा मोबाईलवर वाचत बसायचा आणि वाचून झालं की मला काही सांगायचा नाही. ऑफिसात मी एकच पत्र तीनदा टाइप केलं. सगळे जण म्हणत होते, काही होणार नाही. आक्का तसं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी अंगणात नुसती बसलेली बघून त्यांनी तांदूळ भरलेलं सूप माझ्यापुढं सरकवलं. "निवड. रिकामं जातं फिरलं की दगडच खातंय. मनाचं बी तसंच हाय." आठ दिवस मी संध्याकाळी ऑफिसातून आले की रांगेतल्या बायकांचे तांदूळ निवडत बसायची. सार्थक शेजारी खडे वेगळे करायचा.

आज तो सातवीत आहे. आम्ही आता भोरला राहतो. सर्जननी काही वर्षं तपासायला बोलावलं आणि नंतर सांगितलं की आता यायची गरज नाही. आक्कांची गिरणी त्यांची भाची चालवते. आक्का स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून. अजून मी तिथं दळण नेते, भोरहून, आणि अजून मी बारीक गहूच आहे. पण मला सांगायचं आहे ते रिपोर्टच्या दिवसाचं.

नवरा पुण्याहून रिपोर्ट घेऊन आला तेव्हा मी ऑफिसातून येऊन नुकतीच रांगेत टेकले होते. गिरणीत गर्दी होती. बायका होत्या, चार-पाच पुरुष होते. त्याचा हलका झालेला चेहरा बघूनच मला कळलं, तरी मी पाकिटासाठी हात पुढं केला. पाकीट माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "घरी चल, सांगतो."

"हितंच वाच," आक्का म्हणाल्या आणि बटण बंद केलं.

मी पाकीट उघडलं आणि वाचलं. फायब्रोएपिथेलियल पॉलिप. आणखी दोन-तीन ओळी इंग्रजीच. रांग ऐकत होती.

"आता मराठीत सांग."

"साधी गाठ आहे," मी म्हणाले. "कॅन्सर नाही. मुळापासून निघालीय. पुन्हा व्हायची भीती जवळजवळ नाही."

थालीपीठवाल्या म्हातारीनं दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली. कुणीतरी सार्थकला हाक मारली. आक्कांनी मान हलवली, रुमालानं तोंड पुसलं आणि मोटर चालू केली. पुसलेल्या जागी पिठाखालची त्यांची काळीसावळी कातडी ओली दिसत होती.

मी उठायला लागले, तेवढ्यात कुणी माझी ओढणी ओढली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या कुठल्यातरी गावची बाई होती. नाचणीची पिशवी मांडीत घेऊन बसलेली. तिला मी आधी पाहिलं नव्हतं. तिनं तोंड माझ्या कानाशी आणून काहीतरी सांगितलं. ओठ हललेले दिसले, पण गिरणीच्या आवाजात एक शब्द कळला नाही.

"जोरात बोला," मी म्हणाले.

तिनं बसलेल्या पुरुषांकडे बघितलं आणि मान हलवली. पिशवीचं तोंड आवळून धरलं.

मला माझाच राग आला. पंधरा दिवस बंद केलेली खिडकी आठवली. मी तिच्यासमोर खाली बसले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "मावशी, लाजू नका! माझ्या पोराच्या लघवीच्या वाटेत गाठ होती! मी ऐकलं नाही त्याचं, म्हणून उशीर झाला! तुम्ही बोला!"

रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. बाईनं माझ्याकडे बघितलं आणि तीही ओरडली, "माझी नात हाय! तिसरीत! डाव्या कुशीत कळ मारती आन लघवी लाल हुती! पोरीची जात म्हनून म्या कुनाला बोलले न्हाई!"

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासनं!"

आक्का रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

मी त्या बाईला भोरच्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातीला घेऊन नसरापूरला उतरली, तेव्हा मी ऑफिसात उशिरा येते असं कळवून त्यांच्याबरोबर भोरच्या गाडीत बसले. नात खिडकीशी होती, दोन वेण्या, शाळेचाच फ्रॉक. आजी तिच्या वतीनं सांगायला लागली तशी मी आजीचा हात धरून तिला थांबवलं आणि मुलीला म्हणाले, "तू सांग. तुला काय होतं?"

तिनं आधी आजीकडे बघितलं. मग सांगायला लागली. कापूरहोळ गेलं, गाडी भोरच्या रस्त्याला लागली, तरी तिचं सांगणं चालूच होतं. मी मध्ये बोलले नाही.